वामकुक्षी

फोटो काढणं वेगळं आणि फोटो पाडणं वेगळं, हे मी कुणालाही, कुठंही, न विचारता ऐकवत आलो आहे. चौतीस वर्षं धारवाडात पदार्थविज्ञान शिकवल्यावर माणसाला न विचारता बोलायची खोड लागते. मोबाइल समोर धरून बोट टेकवणाऱ्यांची मला कीव यायची. आमचा सहा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, त्याचं नाव 'जुळणी'. सहाही जणांकडे रेंजफाइंडर कॅमेरे. आत सगळं डिजिटल, पण अंतर मात्र हातानं जुळवायचं. डोळा लावायच्या खिडकीत मधोमध एक लहानसा उजळ चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते, मोतीबिंदू झालेल्याला दोन चंद्र दिसावेत तशी. भिंगाची कडी फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. दोनाची एक झाली की बटण दाबायचं. आवाज इतका बारीक की समोरच्याला पत्ताही लागत नाही.

दर रविवारी सकाळी प्रत्येकानं गटावर एकच फोटो टाकायचा, त्याला मराठी नाव द्यायचं आणि बाकीच्यांनी त्यावर चार वाक्यं तरी लिहायची. नुसते अंगठे आणि फुलं चालायची नाहीत. धारवाड कोर्टातले वकील मुकुंदराव यांचा कॅमेरा सगळ्यांत महाग आणि फोटो सगळ्यांत मिळमिळीत, पण दुसऱ्याच्या फोटोतलं त्यांना कळायचं. हुबळीच्या एका कॉलेजात शिकवणारी उत्तरा वयानं सगळ्यांत लहान आणि नजरेनं सगळ्यांत तिखट. तिनं बरं म्हटलं की माझा रविवार चांगला जायचा. आणखी एक नियम होता, तो माझा. ज्या माणसाचा फोटो गटावर येईल, त्याला महिन्याभरात एक प्रत स्वतः नेऊन द्यायची. कुणाचं रूप फुकट घ्यायचं नाही, असं मी म्हणायचो. ऐकायला फार छान वाटायचं ते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. स्कूटर घेऊन मी अळणावरच्या रस्त्याला गेलो होतो. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक आमराई आहे. फळं धरलेली, फांद्या खाली आलेल्या, आणि एका झाडाखाली एक माणूस डाव्या कुशीवर निजलेला. तोंडावर टॉवेल. डावा हात अंगाखाली, उजवा समोर गवतावर टाकलेला. त्या हाताच्या करंगळीचं टोकाचं पेर नव्हतं. पानांतून गळणारं ऊन नेमकं त्या हातावर पडलं होतं. घोरणं ऐकू येत होतं, खोल, संथ. त्याची झोप मोडू नये म्हणून मी चपला काढल्या आणि अनवाणी जाऊन त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर उकिडवा बसलो.

हात चौकोनात धरला. दोन हात दिसू लागले. कडी फिरवली तसे ते जवळ आले आणि एक होता होता पुन्हा सुटले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बाजूचं गवत जुळत होतं, सदऱ्याची गुंडी जुळत होती, हात तेवढा जुळत नव्हता. मला राग आला, तो कॅमेऱ्याचा. एवढं जपून वापरतो आणि ऐन वेळी हे असं. वीस-एकवीस मिनिटं मी तिथं घाम पुसत बसलो आणि अकरा फोटो काढले. दहांत हात पुसट आला. अकराव्यात तो गवतावरून थोडा उचललेला होता, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, आणि अगदी रेखीव. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, चपला घातल्या आणि धारवाडला परत आलो.

रविवारी तो फोटो गटावर टाकला. नाव दिलं 'वामकुक्षी'. खाली लिहिलं, 'मंद घोरण्याच्या साथीनं टिपलेला.' त्या रविवारइतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मुकुंदरावांनी लिहिलं, 'आम्ही कोर्टात उभे राहून मरतो आणि हा बघा सुखाचा जीव.' उत्तरानं लिहिलं, 'सर, तो तळवा. झोपेत माणूस धरलेलं सगळं सोडून देतो, ते त्या एका तळव्यात आलंय.' एकानं वामकुक्षी म्हणजे काय ते विचारलं. झालं, माझा तास सुरू. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं म्हणजे वामकुक्षी. कुठल्याही झोपेला हा शब्द वापरू नये, आधी जेवण झालेलं असावं लागतं. हे सगळं मी टाइप केलं, अनुस्वार तपासून. शेवटी जोडलं की माझ्या कॅमेऱ्याची जुळणी बिघडलेली दिसते, हात दहा वेळा निसटला, दुरुस्तीला द्यायला हवा.

मे महिन्याच्या सुरुवातीला सुभाष रोडवरून प्रत छापून, चौकटीत बसवून घेतली आणि नियमाप्रमाणे आमराईत गेलो. तिथं दुसराच राखणदार होता. कागद सोडून त्याला चौकट दाखवली. तो बघून म्हणाला, "ह्यो धोंडिबा न्हवं का? त्यो गेला की, सर. गेल्या म्हैन्यात." गावातलं घर त्यानंच सांगितलं.

दार उघडंच होतं. आत धोंडिबाची बायको मथुरा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर एक फोटो टांगलेला, आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात माणूस निळसर आणि घाबरलेला. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं आणि चौकट तिच्या हातात दिली. तिनं काचेवरून त्या हातावर बोट फिरवलं, करंगळीचं पेर नव्हतं तिथं.

"तोंड दिसत न्हाई," ती म्हणाली, "पर हात त्येचाच. कसा निवांत झोपलाय बगा."

मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं. एवढ्यात तिचा मुलगा मंजुनाथ आत आला. पस्तिशीचा, गवंडीकाम करणारा, हाताला सिमेंट लागलेलं. त्यानं आईकडे पाहिलं नाही, चौकटीकडे पाहिलं.

"कवा काडलासा?" त्यानं विचारलं.

मी तारीख सांगितली. मग मथुराच बोलली. त्याच बुधवारी धोंडिबाला झाडाखाली झटका आला होता. रोज एक वाजता ती डबा घेऊन जायची. त्या दिवशी शेजारच्या मुलीचं लग्न होतं, ती तिथं अडकली आणि लग्नातलं गोड त्याच्यासाठी बांधून घेऊन चार वाजता गेली. तेव्हा तो पडलेला सापडला. अर्धं अंग गेलेलं, तोंडातून शब्द नाही. हुबळीला नेलं, डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणला असता तर बघता आलं असतं. शुक्रवारी तो गेला.

"कवापासनं पडला हुता ते कुनालाच ठाव न्हाई," ती म्हणाली. "मी म्हनते, सकाळीच पडला आसंल. ह्यो म्हनतो, दुपारी."

हे सांगताना तिची नजर माझ्या तोंडावर होती. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्यापाशी एक अचूक उत्तर आहे, आणि अचूक उत्तर द्यायची संधी मी आयुष्यात कधी सोडलेली नाही. मोबाइल काढला, कॅमेऱ्यातून त्यात उतरवलेल्या फोटोंची वेळ दाखवली. पहिला एक वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा एक वाजून एकतीस.

"दीड वाजेपर्यंत ते छान झोपले होते," मी म्हणालो. "घोरत होते. मी स्वतः ऐकलंय."

मंजुनाथनं पहिल्यांदाच आईकडे मान वळवली. "ऐकलंस? दीडला बरा हुता. तू येळेवर गेली आसतीस तर तुज्यासमोर पडला आसता. लग्नात जेवत बसलीस." आणि तो बाहेर निघून गेला.

मथुरानं चौकट उराशी धरली होती, ती तशीच धरून म्हणाली, "म्हंजे उपाशीच झोपला हुता म्हना की. डबा माज्याकडं हुता." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "त्या दिसापासनं बोलत न्हाई माज्याशी. तीन आठवडं झालं, एक सबुद न्हाई. मलाबी दुपारचा घास जात न्हाई, अण्णा. एक वाजला की ताट सारून उठते."

मी काहीतरी सांत्वनाचं बोललो आणि निघालो. खरं सांगायचं तर स्कूटरवर बसल्यावर मला टोचलं ते दुसरंच. तो उपाशी होता, म्हणजे 'वामकुक्षी' हे नाव चुकलं होतं. एवढं व्याकरण शिकवून बसलो आणि शब्दच चुकला. त्या बाईचं तोंड डोळ्यांसमोर असताना माझ्या मनात हे आलं, याची लाज मला तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन गोकुळ रोडला महादेवकडे गेलो. त्याचं लेथवर बारीक सुटे भाग बनवायचं लहानसं वर्कशॉप आहे. कॅमेरे दुरुस्त करणं हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग, पण त्याच्यासारखा हात साऱ्या हुबळी-धारवाडात नाही. मी तक्रार सांगितली. त्यानं भिंतीवर रेघांचा कागद लावला, टेपनं अंतर मोजलं, एक मीटर, तीन मीटर, मग दारातून समोरच्या शेडचं पत्र्याचं टोक. प्रत्येक ठिकाणी त्यानं दोनदा पाहिलं.

"सर, ह्यात काही नाही," तो म्हणाला. "जुळणी केसभर पण सरकलेली नाही."

"मग तो हात का जुळत नव्हता?"

"बघू द्या की फोटो."

कार्ड त्यानं आपल्या कॉम्प्युटरला लावलं. पहिला फोटो मोठा केला, गवत पाहिलं, सदरा पाहिला, हात पाहिला. "गवत बरोबर, गुंडी बरोबर. कॅमेरा चुकला असता तर सगळंच चुकलं असतं. तुम्हांला हे मी काय सांगणार, तुम्हीच शिकवता. हात हलतोय, सर."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दहावीच्या पोराला कळेल इतकं साधं होतं.

महादेवनं बाणाच्या कळीवर बोट ठेवलं आणि अकरा फोटो एकामागोमाग एक भरभर पुढं नेले. मी ते नेहमी एकेक करून पाहिले होते, मधे थांबून, प्रकाश बघत, चौकट बघत. असे सलग कधी पाहिले नव्हते. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून नेले. पडद्यावर तो हात गवतावरून उठत होता, बोटं मिटत होती, हात पडत होता. पुन्हा उठत होता, बोटं मिटत होती.

"करियाक हत्त्यान्री, सर," महादेव हळूच म्हणाला. लगेच त्यानं मराठीत सांगितलं, "हा तुम्हांला बोलावतोय बघा."

धारवाडात जन्म गेलेल्या माणसाला ते मराठीत सांगायची गरज नव्हती. पण बरं झालं सांगितलं. दोन्ही भाषांत ऐकलं, त्यामुळे चुकीचं ऐकलं असं म्हणायची सोय राहिली नाही.

ते घोरणं झोपेतलं नव्हतं, झटका आलेल्या माणसाची ती घरघर होती. तोंडावरचा टॉवेल त्यानं घेतला नव्हता, पडताना खांद्यावरून सरकून आला होता. डाव्या अंगात जीव नव्हता म्हणून तो डाव्या कुशीवर होता. उजवा हात तेवढा त्याच्या ताब्यात उरला होता. टॉवेलखालून त्याला कुणीतरी आल्याचं कळलं होतं, आणि तो तेवढाच हात वापरून एकवीस मिनिटं मला बोलावत होता. मी मात्र चपला काढून, श्वास रोखून, तो हात स्थिर व्हायची वाट बघत होतो. शेवटी तो दमला असावा. अकराव्या फोटोत म्हणूनच तो इतका रेखीव आला.

नऊ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मग गटावर सगळं लिहिलं, काही न वगळता. मुकुंदरावांचा लगेच फोन आला. "सर, तुम्ही त्याला पाडलं नाही की मारलं नाही. बघून न कळणं हा काही गुन्हा नव्हे. पण तिथं जाऊन बोललात तर ती माणसं काय करतील सांगता येत नाही. गप बसा की. वेळ जाईल तसं सगळं शांत होतं." उत्तरा गटातून बाहेर पडली. दुसऱ्या एकानं लिहिलं, 'पण सर, फोटो म्हणून तो अजूनही उत्तमच आहे.' तो चुकीचं बोलला नव्हता. फोटो उत्तमच होता.

मुकुंदरावांचं ऐकावं असं मला मनापासून वाटत होतं. कुणाला कळणार होतं? महादेव बोलणाऱ्यांतला नाही आणि गटातलं कुणी त्या गावात जाणार नव्हतं. मथुराच्या भिंतीवर निवांत झोपलेला नवरा राहिला असता आणि माझ्या नावावर एक चांगला फोटो. पण रोज दुपारी मी ताटावर बसलो की घड्याळात एक वाजायचा, आणि त्या वेळी त्या घरात कोण ताट सारून उठतं ते मला ठाऊक होतं. ती वेळेवर पोचली नाही, हा तिच्यावरचा आळ माझ्या तोंडून पक्का झाला होता; खरं तर त्या वेळी तिथं पोचलेला मी होतो. तो काढायचा तर माझ्याच तोंडून निघणार होता, दुसरं कुणी तिथं नव्हतंच.

गेलो ते दुपारीच. मथुरा वाळली होती. आधार कार्डावरचा निळसर फोटो काढून तिथं माझी चौकट लावलेली, तिला झेंडूची माळ. ती पाणी आणायला उठू लागली, मी नको म्हणालो. बसलोही नाही.

"अक्का," मी म्हणालो, "मी तेव्हा चुकीचं सांगितलं. ते झोपले नव्हते. मी गेलो त्याच्या आधीच त्यांना झटका आला होता. ते हातानं मला बोलावत होते. मला कळलं नाही."

ती रडेल असं वाटलं, पण तिचे डोळे कोरडेच होते.

"किती येळ हुतासा तितं?"

"वीस मिनिटं. एखादं मिनिट जास्तच."

"काय करत हुतासा येवडा येळ?"

"हात नीट दिसत नव्हता," मी म्हणालो. "तो नीट दिसावा म्हणून बसलो होतो."

याहून खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तिनं मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मंजू येतोय आता जेवायला. त्येला सांगा."

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. अर्धा तास गेला असेल. मंजुनाथ आला, मला पाहून थबकला. तिनं आतूनच सांगितलं, "त्यांचं ऐकून घे." मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्याला खरं वाटावं म्हणून मोबाइलवर ते अकरा फोटो एकामागोमाग दाखवले, महादेवनं दाखवले तसे. त्यानं एकदा पाहिले, मग मोबाइल माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाहिले. बापाचा हात उठत होता, पडत होता. तो माझी गचांडी धरेल म्हणून मी उभा होतो. त्यानं धरली नाही. धरली असती तर बरं झालं असतं.

मोबाइल मला परत देऊन तो आत गेला आणि आईसमोर खाली बसला.

"आये," तो म्हणाला, "जेवलीस काय?"

मथुरा उठली, पाटावर चढून चौकट भिंतीवरून काढली. माळ काढून बाजूला ठेवली. काच पदरानं पुसली, चारी कोपरे, मधला भाग, तो हात. मग बाहेर येऊन ती चौकट तिनं माझ्या हातात दिली.

"ह्यो तुमच्या घरात लावा," ती म्हणाली. "आनी कुनी इचारलं, तर झोपलाय म्हनून सांगू नगा."